भाकरीचा फाटलेला काठ

दलित साहित्याच्या समीक्षेने भुकेविषयी पुष्कळ लिहिले आहे. भाकर ही तर आपल्या कवितेची आणि आत्मकथनांची मध्यवर्ती प्रतिमाच होऊन बसली. दया पवारांचे 'बलुतं' (१९७८), प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' (१९७९), लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०), शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' (१९८४) ही आत्मकथने आपण वाचली, शिकवली, त्यांवर चर्चासत्रे घेतली. या सगळ्या चर्चेत भाकर मागणारा आहे, भाकर नाकारणारा आहे, भाकरीसाठी अपमान गिळणारा आहे. भाकर थापणारी मात्र फारशी नाही. ती असली तर आई म्हणून आहे. आणि आई म्हटली की समीक्षक हात जोडून मोकळा होतो. सासूसासऱ्यांच्या ताटात भाकर वाढताना जिचा जीव मुठीत असतो ती सून, काही अपवाद सोडले तर, आपल्या समीक्षेला दिसलेलीच नाही. सासरच्या माणसांना पसंत न पडणारे जेवण हा विषय 'बायकांचा' आणि 'घरातला' म्हणून बाजूला सारण्यासारखा नाही. तो दलित साहित्याच्या कक्षेतला आहे, आणि दलित चळवळीच्या कक्षेतलाही आहे, एवढेच मला येथे मांडावयाचे आहे.

याची सुरुवात स्वतःपासून करणे प्रामाणिकपणाचे ठरेल. आमचे घर वसमतचे. मी लग्न केले तेव्हा वसमत परभणी जिल्ह्यात होते. हिंगोली जिल्हा १९९९ साली झाला. नामांतराच्या लढ्यातून आलेला मी तरुण, सभांतून विद्रोहावर बोलणारा, नियतकालिकांतून लिहिणारा. पत्नी खेड्यावरच्या शाळेत शिक्षिका. सकाळची एस.टी. गाठायची म्हणून ती पहाटे उठून भाकरी थापायची, कोरड्यास करून चुलीच्या कडेला झाकून ठेवायची आणि निघायची. आईवडील जेवायला बसत दुपारी, ती घरात नसताना. वडील भाकरीचा तुकडा मोडून ताटाबाहेर ठेवीत. आई ती भाकर शेजारणीला दाखवी. काठ फाटलेला, मधे जाड, पापुद्रा न सुटलेली. "हिच्या मायनं हिला काठवटीपाशी कधी बसविलंच नाही," हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले. माझ्यासमोर कागद असायचा आणि त्या कागदावर 'नकार' हा शब्द असायचा. मी मान वर केली नाही. संध्याकाळी पत्नीने विचारले, "आत्याबाई जेवल्या का?" तेव्हा मी "जेवल्या" असे सांगितले. ते खोटे नव्हते. पण खरेही नव्हते.

पुढे १९८६ साली बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने आले. त्याआधी ते 'स्त्री' मासिकातून क्रमशः आले होते. ते वाचताना एका ठिकाणी मी थांबलो. पश्चिम महाराष्ट्रातल्या वीरगावच्या महारवाड्यातील सुनांचे जे वर्णन बेबीताईंनी केले आहे, त्यात माझ्याच घरातली दुपार मला दिसली. आठ-नऊ वर्षांची पोर सून म्हणून घरात येते. पहाटेच्या अंधारात सासू तिला उठवून जात्यावर बसवते. दळण झाले की चुलीपुढे. चिमुकल्या तळहातांना भाकर पेलत नाही. ती वेडीवाकडी होते, करपते, कच्ची राहते. मग सासू आपल्या सोबतिणींना गोळा करून त्या भाकरींचे जणू प्रदर्शन मांडते आणि पोरीच्या आईचा उद्धार करते. सासुरवासाला कंटाळून पळालेली सून धरून आणली की तिच्या पायात लाकडी खोडा अडकवला जाई. नाक कापण्यापर्यंत मजल जाई. हे सर्व बेबीताईंनी आडपडदा न ठेवता लिहिले आहे.

आणि केवळ लिहिले नाही, तर त्याचे कारणही दिले आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: साऱ्या गावाने आम्हाला गुलाम केले होते. पण आम्हीही माणसेच. सत्ता गाजवण्याची हौस आम्हालाही होती. ती गाजवू कोण देणार? मग आम्ही आमच्याच घरात आमचे गुलाम शोधले, आणि ते म्हणजे आमच्या सुना. मराठी समाजशास्त्राने ग्रंथांतून जे सांगितले नाही, ते फलटणला दुकान चालवणाऱ्या एका बाईने इतक्या सरळपणे सांगून टाकले. सासू दुष्ट होती म्हणून सून रडली, असे हे विवेचन नाही. उतरंडीच्या तळाशी दाबलेल्या माणसाला हुकूम सोडण्यासाठी एकच जागा मोकळी होती, ती म्हणजे चूल. गावात जिला 'दूर हो' ऐकावे लागे, ती चुलीपुढे न्यायाधीश होई. आणि पुरावा म्हणून भाकर उचलून धरी.

येथपर्यंत बेबीताईंनी आपल्याला आणून सोडले आहे. पुढची वाट समीक्षकाने चालावयाची आहे. मला ती वाट माझ्या आईने दाखवली. 'जिणं आमुचं'मधला तो भाग मी तिला वाचून दाखवला. ती बराच वेळ बोलली नाही. मग तिने आपले सुनपण सांगितले. ते निजामाच्या राज्यातले. सुगीत कामाच्या मोबदल्यात खळ्यावरून जे मिळे ते माती-खड्यांसकट. सरवा वेचून आणलेली कणसे निराळी. आणि पावसाळ्यात मालक पेव उघडत, तेव्हा वरची ज्वारी त्यांच्या घरात जाई आणि तळाची, ओल लागलेली, कुबट वासाची आमच्या पदरात पडे. त्या ज्वारीचे पीठ काही केल्या जुळत नसे. "हाताला समदे नावं ठेवतेत," आई म्हणाली, "पिठाला कोण ठेवतंय?"

या वाक्यात एक अख्खी समीक्षापद्धती आहे असे मला वाटते. ज्वारीच्या पिठाला गव्हाच्या कणकेसारखा चिवटपणा मुळातच नसतो. दाणा जुना, किडका किंवा ओलीने बिघडलेला असला की आहे तेवढा चिकटपणाही जातो. असे विरी गेलेले पीठ आधणाच्या पाण्यात कितीही मळा, थापताना काठ फाटतोच. म्हणजे भाकरीचा फाटलेला काठ हा हाताचा दोष नव्हे. तो दाण्याचा दोष आहे. दाणा तसा का, तर तो बलुत्यातून आला म्हणून. बलुते तसे का, तर जात तशी म्हणून. गावगाड्याने जो अन्याय दाण्यात भरून पाठवला, तो सासूने सुनेच्या हातावर लिहून टाकला. गुन्हेगार गावात मोकळा राहिला आणि शिक्षा चुलीपुढे झाली. येसकराची पाळी असलेल्या घरात तर गावातून घुंगराच्या काठीनिशी मागून आणलेली शिळी भाकरच ताटात पडे. ती नासकी निघाली तर तिला नावे ठेवायची कोणाची हिंमत होती? नावे ठेवायची सोय होती ती फक्त घरात थापलेल्या भाकरीला.

आता याच्या शेजारी पांढरपेशा साहित्यातले सासरचे जेवण ठेवून पाहावे. तेथे सासूबाईंची खोड, मामंजींचे पथ्य, मिठाचा अंदाज चुकलेली आमटी हा बहुधा गमतीचा विषय असतो. शेवटी सून 'सुगरण' ठरते आणि गोष्ट गोड होते. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'सारखा ग्रंथ (१९३४-३७) अपवाद. तापट सासरा आणि सोवळ्याच्या वेडाने घर वेठीला धरणारा बाप त्यात आहे, आणि १९०० साली ख्रिस्ती झाल्यावर अन्नाबरोबर शिवलेली जात उसवत नेण्याची धडपडही आहे. पण प्रस्थापित स्वयंपाकघराचा खरा ग्रंथ म्हणजे पाककृतींचे पुस्तक. लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया'पासून (१९१०) कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'पर्यंत (१९७०) या पुस्तकांनी अनेक नव्या सुनांना आधार दिला, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्यांचे एक गृहीत लक्षात घ्यावे लागते. पाककृतीच्या पुस्तकात पीठ नेहमी निर्दोष असते. धान्य निवडलेले, तूप साजूक, वाटी भरलेली. म्हणून चूक झालीच तर ती हाताची. 'सुगरण' ही कल्पना भरल्या कोठारावर उभी आहे. ती रिकाम्या कणगीच्या घरात नेली की ती कौतुकाची कल्पना राहत नाही. ती शिक्षेची कल्पना होते.

शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) हे पुस्तक या दृष्टीने महत्त्वाचे आहे. मराठवाड्यातील महार आणि मांग समाजांच्या खाण्याचा हा मराठीतला मोठा ऐवज. तेल, तूप, दूध यांना त्यातल्या पाककृतींत फारशी जागा नाही, कारण ती त्या घरांतही नव्हती. २०२४ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद झाला आणि जगाला आपल्या चुलीची दखल घ्यावी लागली. त्याआधी २००९ मध्ये पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे यांच्या पुढाकाराने विद्यार्थ्यांनी दलितांच्या अन्नस्मृतींवर काम केले आणि 'हे ताट भारतीय नाही काय' असा प्रश्न उभा केला. रेगे यांनीच २००६ च्या आपल्या ग्रंथात दलित स्त्रियांची आत्मकथने साक्ष म्हणून वाचावीत असा आग्रह धरला होता. मी वर ज्या अपवादांचा उल्लेख केला ते हे. पाटोळे यांनी पिठाची बाजू मांडली, बेबीताईंनी हाताची. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली, तरच भाकरीचा काठ का फाटला याचा उलगडा होतो.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो आपल्याच माणसांकडून येईल. आपल्या घरातली भांडणे वेशीवर का टांगायची? सवर्ण टीकाकार म्हणतील, पाहा, हेही एकमेकांना छळतातच. या आक्षेपाला घाबरून आपण बेबीताईंची ती पाने वगळून त्यांचे पुस्तक शिकवतो. गावाने केलेला अपमान तेवढा परीक्षेला विचारतो. हे पुस्तकाशी इमान नाही. बेबीताईंनी स्वतःच्या संसाराविषयी पुस्तकात फार थोडे लिहिले. आपले लेखन त्यांनी वीसेक वर्षे घरातल्यांपासून लपवून ठेवले होते. इंग्रजी अनुवादाबरोबर माया पंडित यांनी त्यांची जी मुलाखत छापली, तीत नवऱ्याच्या संशयाविषयी आणि मारहाणीविषयी त्या बोलल्या. आणि हे तर साऱ्याच बायांच्या वाट्याला होते, असा त्यांचा सूर होता. पुस्तकाचे नाव 'जिणं माझं' नाही, 'जिणं आमुचं' आहे. त्या 'आमुचं'मध्ये सासू आहे तशी सूनही आहे. सुनेला वगळले की 'आमुचं' हा शब्दच खोटा पडतो. आणि सवर्णांना उत्तर द्यायचेच असेल तर ते सोपे आहे: या छळाचे पीठ तुमच्या पेवातून आले होते.

बाबासाहेबांच्या विचारात याला आधार नाही असे कोणी समजू नये. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या भारतातील जातींवरच्या निबंधात त्यांनी दाखवून दिले की जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून. आणि त्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या रूढी उभ्या राहिल्या. वरच्यांच्या रूढी खालच्यांनी उचलल्या, त्या अनुकरणाने. हे सूत्र चुलीपाशी आणून पाहावे. नऊ वर्षांच्या पोरीच्या तळहाताला भाकर पेलत नव्हती, याचे कारण तिची आई नव्हती, बालविवाह होता. म्हणजे पीठही जातीने बिघडवलेले आणि हातही जातीने कोवळेपणीच चुलीला जुंपलेला. दोन्हीकडून जातच होती. सासू मात्र भाकर हातात घेऊन व्याहीणीला शिव्या देत होती.

१९२७ च्या डिसेंबरात महाडला स्त्रियांपुढे बोलताना बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस घरात येऊ देऊ नका असे सांगितले. याचा अर्थ नीट लावला पाहिजे. अपमानाबरोबर आलेले अन्न नाकारणे हा स्वाभिमान. आणि ती नाकारण्याची सत्ता त्यांनी चुलीपाशी बसणाऱ्या बाईच्या हाती दिली, हे आपण विसरतो. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला भरलेल्या दलित महिलांच्या परिषदेत त्यांनी लग्नाची घाई करू नका, पत्नीने नवऱ्याची बरोबरीची मैत्रीण म्हणून उभे राहावे, दासी म्हणून नव्हे, असे बजावले. हे विचार आपण फलकांवर लिहिले. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी मात्र आपण त्यांना थांबवले.

याचा परिणाम आज दिसतो. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपण घरातले देव काढले. शिकलो, नोकऱ्या आल्या, ज्वारी बाजारातून निवडून आणता येऊ लागली. पीठ सुधारले. तरी ताटाबाहेर तुकडा ठेवण्याची सवय गेली नाही. फक्त परीक्षेचा विषय बदलला. आता सुनेची पुरणपोळी फुटली म्हणून तिला नावे ठेवली जातात. तिच्या माहेरची मांसाची भाजी पाहुण्यांपुढे नको म्हणून झाकली जाते. वशाटाचा वास बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या लावल्या जातात. महाडचा नकार आणि हा नकार एक नव्हेत. पहिला अपमानाला होता, दुसरा आपल्याच आईच्या हाताला आहे. पहिला आत्मभानातून आला, दुसरा अनुकरणातून. ज्या कोठाराने आपल्याला तळाची ज्वारी दिली, त्या कोठाराच्या चवीची परीक्षा आपण आपल्या सुनांची घेतो, याला प्रगती म्हणता येणार नाही.

आणि ज्यांना नोकऱ्या आल्या नाहीत त्यांच्या घरी काय आहे? वसमतची हळद आता दूरवर पोहोचली. २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. हळद काढणे, वेचणे, शिजवणे, वाळवणे या कामांत बायांचे हात असतात. हंगामात या बाया अंधारात उठून दोन वेळच्या भाकरी थापतात, कारण दिवस उजाडताच कामावर जायचे असते. म्हणजे सासूसासऱ्यांचे दुपारचे जेवण हे सुनेने पहाटे केलेले, गार झालेले, आणि तिच्या अनुपस्थितीत चाखले जाणारे जेवण असते. तिला आपल्या बाजूने एक शब्द बोलण्याचीही सोय नाही. पांढरपेशा कथेतली सून वाढताना समोर तरी उभी असते. येथे खटला चालतो तो आरोपी गैरहजर असताना. हळदीला नाव मिळाले. ती काढणाऱ्या हातांना घरी नावे ठेवणे चालूच आहे.

म्हणून समीक्षकांपुढे, आणि वर्गात ही पुस्तके शिकवणाऱ्या शिक्षकांपुढे, मी तीन साधे प्रश्न ठेवतो. कोणतेही आत्मकथन हाती घेतले आणि त्यात भाकर आली की विचारावे: दाणा कोठून आला? थापली कोणी, आणि तिचे वय काय होते? सगळ्यांचे झाल्यावर तिच्या वाट्याला काय उरले? या प्रश्नांची उत्तरे पुस्तकात सापडली तर ती मांडावीत. सापडली नाहीत तर तेही मांडावे, कारण लेखकाचे मौनही वाचावयाचे असते. शांताबाई कांबळे यांची 'माज्या जल्माची चित्तरकथा' (१९८६), उर्मिला पवार यांचे 'आयदान' (२००३) ही पुस्तके या प्रश्नांसह पुन्हा वाचण्याजोगी आहेत. पुरुषांची आत्मकथने तर अधिकच.

कार्यकर्त्यांपुढे प्रश्न वेगळा आहे. सभेत विषमतेविरुद्ध बोलून घरी गेल्यावर ताटातल्या भाकरीला आपण काय म्हणतो? गप्प राहणे म्हणजे तटस्थ राहणे नव्हे, हे मी माझ्या घरात शिकलो, आणि उशिरा शिकलो. त्या दिवशी आईने पिठाविषयी सांगितले तेव्हा पत्नी शाळेतून आली होती आणि दारातच उभी राहून ऐकत होती. आईने तिची माफी मागितली नाही. तशी आमच्याकडे रीत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र ती जेवायला बसली, काठ फाटलेली भाकर तिने मोडली, कोरड्यासात बुडवली आणि शेजारणीला हाक न मारता खाल्ली. वडिलांनी तुकडा बाहेर ठेवला तेव्हा तिने तो उचलून आपल्या ताटात घेतला. मी त्या दिवसानंतर पहाटे उठून भाकरी थापायला शिकलो. माझ्याही भाकरीचे काठ फाटत. पण मला कोणी कधी नावे ठेवली नाहीत. उलट शेजारीपाजारी कौतुकच झाले. हे कौतुकसुद्धा विषमतेचाच एक पुरावा आहे, एवढे नोंदवून थांबतो.